वास बदलला की

एस्टोनियाच्या दक्षिणेला, व्होरूकडे,
जळलेल्या रानात सगळ्यात आधी जे उगवतं
त्याला मूस हरणाचा ताग म्हणतात.
छातीएवढा वाढतो, शेंड्याला गुलाबी तुरा.
फुलं खालून वर चढत जातात,
शेवटचं उमललं की उन्हाळा संपला.

युलोने पानं ओरबाडली देठाच्या मधल्या भागातून.
शेंड्याची सोडली, बुडाची सोडली.
वाइके तसंच करायची,
एवढं त्याने कुंपणाआडून चाळीस वर्षं पाहिलं होतं.

रात्रभर पानं जुन्या चादरीवर मलूल होत पडली.
पहाटे तो मळायला बसला.
तळहातांत मूठभर पानं,
पुढे मागे, पुढे मागे,
थंडीत हात चोळावेत तशी,
रस सुटेपर्यंत, काळपट वळकट्या होईपर्यंत.
लाकूडगिरणीने एक बोट ठेवून घेतलेलं,
तरी जमलं.
मातीच्या कुंड्यात दाबून भरल्या, वर ओलं फडकं,
आणि तिथे घोडं अडलं.

कारण तिच्या वहीत
मुरंब्याची साखर ग्रॅममध्ये आहे,
कोंबडीच्या एकेका पिल्लाची जन्मतारीख आहे,
आणि चहाच्या पानावर फक्त:
वास बदलला की भट्टीत.

बदलला म्हणजे? कशाचा कसला?
दोन हिवाळ्यांपूर्वीच्या तापात
युलोचं नाक गेलं ते परत आलं नाही.
डांबर, मासळी, भिजलेला कुत्रा,
सगळ्याचा वास पाण्यासारखा.
तेव्हा वाइके होती.
नासलेलं दूध तीच ओतून द्यायची.

तो फडकं उचलतो, वाकतो, श्वास ओढतो.
गारवा.
तासाने पुन्हा.
गारवा.
घड्याळाला विचारावं तर
तिने कधी विचारलं नव्हतं.

शेवटी रस्ता ओलांडून तो मिर्तेलला घेऊन आला.
वय नऊ, दोन्ही गुडघे खरचटलेले.
मजुरी ठरली: एका वासाला
एक दह्याची वडी, चॉकलेट लावलेली.

बारा वाजता ती म्हणाली, गवत. कापलेलं.
दोनला, अजून गवतच. पण ओलं.
चारला नाक आत घालून बराच वेळ राहिली.
काकडी?
सहाला आलीच नाही, घरी पाहुणे होते.
युलो भट्टीत बर्चची लाकडं सारत बसला,
मधेच उठून फडकं ओलं करत,
मधेच उगाच वाकून बघत.

साडेआठला उजेड तसाच होता.
ती धावत आली, तोंडात बटाटा.
गिळला. डोळे मिटले.
दप्तरात सफरचंद विसरलं ना आपण, सुट्टीभर,
आणि मग दप्तर उघडलं,
तसं.

वाइके काय म्हणायची याला?
युलोने आठवून पाहिलं.
काहीच नाही. त्याने विचारलं नव्हतं.
कप समोर यायचा, तो प्यायचा.

मग ताटं भट्टीत, दार बोटभर उघडं,
लाकडी चमच्याने वरखाली, वरखाली,
पानं काळी होऊन
वाळूसारखी खुळखुळेपर्यंत.
एव्हाना मध्यरात्र झाली होती.
सुताराच्या जाड पेन्सिलीने त्याने
तिच्या ओळीखाली लिहिलं:
दप्तरातलं सफरचंद.
अक्षर तिच्याइतकं सरळ आलं नाही.

सकाळी मिर्तेल हिशोबाला हजर.
वास चार, वड्या साडेतीन.
काकडीची अर्धीच, ती म्हणाली,
तेव्हा मला नक्की माहीत नव्हतं.