बाईंचा उरलेला शब्द

फ्लीटवुडच्या बंदराकडे तोंड करून असलेल्या
वृद्धाश्रमात, सात नंबरच्या खोलीत,
म्युरिएल डक्सबरी. वय एक्याण्णव.
एकतीस वर्षं मुलींना लॅटिन शिकवलं.
मार्चमधल्या एका सकाळी
हातातला टोस्ट खाली पडला
आणि त्याच्याबरोबर सगळा शब्दकोश.

उरला एकच शब्द. उद्या.

डेरीहून आलेली ब्रोना चित्रांची कार्डं दाखवते.
कप. उद्या.
किल्ली. उद्या.
होडी. बाई डोळे मिटतात, ओठ जुळवतात,
कपाळावर शीर टरारते,
उद्या.
ब्रोना कागदावर आजाराचं नाव लिहिते, अफेझिया.
बाई ते उलट्या बाजूनं वाचतात
आणि नखानं पहिल्या अक्षरापाशी
एक उभी रेघ ओढतात.
अ म्हणजे नाही.
पुढचं सगळं म्हणजे बोलणं.
हे त्यांना अजून येतं.

डोरीन दर गुरुवारी केस कापायला येते.
शाळेत ती मागच्या बाकावर बसायची.
फेट म्हणजे काय गं, डोरीन?
नशीब, बाई.
चूक. फेट म्हणजे बोललेलं. एवढंच.
कुणीतरी बोलून बसलं, आणि तू निस्तरतेस.
इन्फन्ट म्हणजे ज्याला बोलता येत नाही ते.
आणि इन्फन्ट्री?
हे शिकवताना बाई फळ्याकडेच तोंड करून राहायच्या.
त्याच शब्दाची मोठी झालेली पोरं.
क्लिफर्ड, धाकटा भाऊ, एकोणिसावं सरताना,
नॉर्मंडीतल्या कुठल्याशा कुंपणापाशी.
तोंड हुकूम देणाऱ्याला, म्हणायच्या,
पायदळाला नुसते पाय.

चर्चमध्ये तीन रविवार लग्नाची घोषणा होते,
तिचंही मूळ तेच, बोलणं.
बाईंची दोनदा झाली.
तिसऱ्या रविवारविषयी
डोरीन कात्री चालवत राहते.

मग मिसेस रडकनी सहज विचारलं,
माझा मुलगा कॅनडाहून फोन कधी करेल?
उद्या.
आणि दुसऱ्या दिवशी, चहाच्या वेळी, फोन वाजला.
तेव्हापासून सात नंबरच्या दाराशी चाकाच्या खुर्च्या.
गुडघा कधी थांबेल?
भटारखान्यातला टेरी, घोड्यांच्या शर्यतीचं पान घेऊन.
कुणी बिस्किटं ठेवून जातं.
प्रॉफेट आहे आपल्याकडे, टेरी म्हणाला,
तशी बाईंनी चमचा ताटलीवर आपटला.
त्या शब्दाचा त्यांना जुना राग.
प्रॉफेट म्हणजे भविष्यवाला नव्हे, मुलींनो,
दुसऱ्याच्या वतीनं पुढे होऊन बोलणारा. मार्क कापले.
पण इथे कापणार कुणाचे?
त्यांना म्हणायचं असतं, मीठ कमी आहे.
त्यांना म्हणायचं असतं, खिडकी लावा, समुद्र आत येतोय.

मी रात्रपाळीला असते. चादरी बदलते.
माझ्या भाषेत, असं म्हणतात,
जुनं 'भण' झिजत झिजत 'म्हण' झालं,
म्हणजे म्हणायला निघालं
की आधी ओठ मिटावे लागतात.
बाईंना हे सांगितलं एकदा, पहाटे तीनला.
खूप हसल्या. आवाज न करता, खांदे हलवत.

एका गुरुवारी डोरीन नातवाला घेऊन आली, सात महिन्यांचा.
दोन न बोलणारे समोरासमोर.
त्यानं बाईंचा चष्मा ओढला,
भा भा भा म्हणत चोखायला लागला.
बाई टक लावून बघत राहिल्या,
वर्गात कुणी पहिल्यांदाच
बरोबर उत्तर दिल्यासारख्या.
मग त्याला काहीतरी सांगायला तोंड उघडलं
आणि लगेच हात ठेवला तोंडावर.
त्याच्यापुढे तो शब्द नको होता त्यांना.

रात्री ओहोटी लागलेली. दिव्याखाली बाई जाग्याच.
पाणी हवंय?
उद्या.
मी ग्लास पुढे धरते.
त्या पितात, थोडं हनुवटीवर सांडतं.
मी पुसते.
उद्या, त्या म्हणतात.
हो, मी म्हणते, असू दे.