कंपनी फिटिंग

भोकरदन नाक्यावर, वजनकाट्याच्या मागे,
सत्तारभाईंच्या शेडमध्ये फियाट उभी आहे
चार लाकडी ठोकळ्यांवर, नागडी.
साठ वर्षांचे रंग खरवडून काढलेत आम्ही:
वरचा पांढरा, त्याखाली लग्नाच्या वेळचा मोतिया,
त्याखाली कुणा डॉक्टरचा निळा,
आणि तळाला कंपनीचा, हिरवट,
हरभऱ्याच्या ओल्या घाट्यासारखा.

लोहाडेंचं एकच म्हणणं,
"पैशाचं बघू नका. कंपनीतून आली तशी करा."

कंपनीतून आली तशी.

डाव्या दाराचं रेक्झिन सोललं तेव्हा दुपार होती,
रोलिंग मिलचा भोंगा नुकताच होऊन गेलेला.
सत्तारभाईंनी बॅटरी आत धरली.
"ये देखो, जाधवसाब."
बिजागरीमागे फट,
आणि फटीत घडी करून ठोकलेला पत्रा.
चिमट्याने ओढला, उलगडला:
बिस्किटाच्या डब्याचा तुकडा,
त्यावर अर्धी मुलगी. एक वेणी, एक डोळा,
ओठांचा एकच कोपरा,
साठ वर्षं अंधारात हसत बसलेला.

मग आम्ही शोधतच सुटलो.
सहा टाक्यांच्या जागी वेल्डिंगचे चारच टाके.
उजवं मडगार्ड डाव्याहून बोटभर लांब,
ते लपवायला ओतलेलं शिसं,
लाकडी फळीच्या लाटा त्यात अजून तशाच.
मागच्या सीटखाली एक स्क्रू
हातोडीने मारलेला, खिळा समजून.
हा गंज नव्हे. अपघात नव्हे.
दुसऱ्या गॅरेजच्या माथी मारावं तर
या सगळ्यावर पहिला थर तोच, हिरवट.
म्हणजे जन्माआधीचंच.

"शनिचर की गाडी है," सत्तारभाई हसत म्हणाले,
"पगार के दिन की."

मला हसू आलं नाही.
एकवीस वर्षं वाळूजला मी लाईनच्या शेवटी उभा होतो,
हातात शिक्का: तपासले, ठीक.
दर चाळीस सेकंदाला एक दार पुढ्यात.
दिवाळीच्या आदल्या रात्रपाळीत
एक बोल्ट आडवा गेलेला दिसला.
दार बाजूला काढायला हात उचलला,
तेवढ्यात मागून कुलथे म्हणाला, "ट्रक भरायचाय."
ठप्प.
बाकीच्या ठप्पसारखाच आवाज.

कुठल्या गावात ते दार आता नीट लागत नसेल?
कोण रोज ते मांडीने रेटत असेल,
आणि पाहुण्याला सांगत असेल, खोडच आहे हिची?
लोहाडेंची आईसुद्धा म्हणायची म्हणे,
"जरा उचलून लाव रे, रुसते ती."
घरच्या तीन पिढ्यांनी दार उचलून लावलं,
कुणाच्या तरी घाईला
गाडीचा स्वभाव समजून.

संध्याकाळी प्रश्न उरला तो टाक्यांचा.
चार करायचे की सहा?
सत्तारभाईंनी न विचारता काच तोंडावर ओढली,
दोन वाढवले.
"इसमें आदमी बैठेगा."
मडगार्डला मात्र हात लावला नाही.
शिसं गरम केलं, परत थापलं,
जुन्या लाटांवरून फळी फिरवताना
थोडे हळूच झाले ते.

बिजागरीसाठी नवं पॅकिंग
मी स्टेशन रोडच्या लेथवरून कातून आणलं होतं,
तोंड दिसेल असं चकचकीत.
लावून पाहिलं. दार एका बोटाने मिटलं,
आवाजही नाही.
बराच वेळ मी उघडझाप करत राहिलो.

मग काढलं ते, खिशात टाकलं.
पोरीवरचा गंज पुसला, तेलाचं बोट फिरवलं,
होती त्याच घडीवर दुमडली
आणि होती तिथेच ठोकून बसवली.
दार लोटलं. नाही लागलं.
थोडं उचललं,
लागलं.

सोमवारी लोहाडे येतील.
मी काही सांगणार नाही.
नुसता उभा राहीन शेडच्या खांबाशी
आणि बघेन,
दाराकडे जाताना त्यांचा खांदा
आपोआप वर होतो का.