मापाची वही

माझगावात छत्तीस वर्षं ब्लाउज शिवते.
वहीत सगळ्याजणी आहेत.
छातीचं माप बायका दोनदा विचारतात,
पुढच्या उंचीचं कुणीच नाही.

शालन परुळेकर: स्वतःच्या लग्नात साडेचौदा,
मुलीच्या लग्नात चौदा,
यंदा नातवाच्या मुंजीला सव्वातेरा.
जुन्या मापाचा घालून पाहिला तर
पुढून चुण्या, मागून वर चढलेला.
"तुझा हात चुकतो हल्ली," म्हणाली.
मलाही तसंच वाटलं.

मग माझंच मनगट मोडलं.
पडले म्हणजे काय, पायपुसणं सरकलं,
जमिनीवर हात टेकला, इतकंच.
एवढ्यानं कसं, म्हणत डॉक्टर मुकादमबाईंनी
जे.जे.त यंत्राखाली निजवलं.
त्याचा दांडा अंगावरून सरकत गेला,
मी कापडावर खडू सरकवते तसा.
आकडा आला: उणे दोन पूर्णांक नऊ.
जन्मभर मापं लिहिली,
उण्याचं कधी लिहिलं नव्हतं.

पाळी गेली तेव्हा सुटले म्हणाले होते.
अस्तराचे मऊ तुकडे बाजूला काढायची
हाताची सवय तेवढी उरली.
बाई म्हणाल्या, तिच्यासोबत आणखी काही गेलं,
जे हाडांची वीण धरून होतं.
मला एवढं पुरे होतं.
कापड आधी फाटत नाही, विरतं.
घडीत असतं तोवर नवंच दिसतं,
उजेडाला धरावं लागतं.

आता रविवारी उपाशीपोटी गोळी, मोठं भांडंभर पाणी,
आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही.
उभ्याउभ्या काजं करते.
नाचणी, तीळ. सुकटीला कधी नाही म्हटलंच नव्हतं.
ऊन मात्र समोरच्या टॉवरनं नेलं,
म्हणून टेकडीवरच्या बागेत चढून जाते,
गोदीच्या क्रेन दिसतात तिथवर.

शालनला निरोप धाडला:
ब्लाउज तयार आहे. देणार नाही.
आधी पाठ तपासून ये.
तणतणत आली, शिलाई आगाऊ दिलीय म्हणून,
आणि दाराच्या चौकटीला टेकून
बराच वेळ काही बोललीच नाही.

काल बागेच्या पायऱ्यांवर
ती तीनदा थांबली, मी दोनदा.
परतल्यावर म्हणाले, वहीत माझं माप नाहीच, घे बघू.
तिनं टेप उलटी धरली.
"साडेशेहेचाळीस," म्हणाली.
मी तसंच लिहून घेतलं.