रोक्क

एकतीस मार्च सरून नऊ दिवस झाले.
उद्यमबागेत, फाउंड्रीच्या माळ्यावर
मी नफातोटा पत्रकाचं शेवटचं पान काढते
आणि प्रिंटर ते अर्ध्यावर गिळतो.
खाली भट्टी गार. आज ओतकाम नाही.
मोल्डिंगच्या वाळूत मांजर निजलंय.

भरमाण्णा कंग्राळकर चुरगळलेला कागद मांडीवर सपाट करतात,
विक्री, कोक, मजुरी, वीजबिल, सगळं ओलांडून
थेट तळाशी.
"अकरा लाख चाळीस हजार.
कुंदाताई, हे आपलंच नव्हं?"
आपलंच.
"मग शनवारी पगाराला बेचाळीस हजार का घावंनात?"

मी खिडकीकडं बघते.
सत्तावीस मार्चला पंपाच्या बॉड्या शिरोलीला गेल्या.
गाडीनं कोगनोळी नाका ओलांडायच्या आतच
मी त्यांना विक्री म्हणून लिहून टाकलं. नियमच तसा.
ते पैसे जूनअखेर देतील,
त्यांच्या साहेबाला कुठं ब्लोहोल दिसला नाही तर.
कर मात्र वीस तारखेला. आपल्या खिशातून.

आणि हा घसारा, दोन लाख दहा हजार.
वजा केलाय, पण दिला कुणालाच नाही.
भट्टी म्हातारी होते, त्याची ही नोंद;
म्हातारपणाला कुणी चेक लिहीत नाही.
हप्त्यातलं व्याज या पानावर दिसतं,
मुद्दल मागच्या दारानं जातं.

भरमाण्णा हं म्हणतात.
त्यांचं हं मला ओळखू येतं,
राजकोटच्या लेथचं कोटेशन
अजून त्यांच्या शर्टाच्या खिशात आहे.

हे मला कॉलेजात कळलं नव्हतं.
अनगोळात, सासरी कळलं.
राकसकोप काठोकाठ भरल्याचा फोटो पेपरात
आणि आमच्या गल्लीत नळ पाचव्या दिवशी.
धरणातलं पाणी आमचंच की,
पण चौथ्या रात्री भांडी विसळायला
मी बॅरल तिरका करून तळ खरवडायची.

म्हणून पाठकोऱ्या चलनावर दुसरं पान लिहिते, हातानं.
अकरा चाळीस. घसारा परत मिळवा.
गिऱ्हाइकांकडं वाढलेलं येणं, नऊ साठ, काढा.
गोदामात वाढलेला माल, दोन पंच्याहत्तर, तोही काढा
(त्यातल्या निम्म्यावर मांजर निजतं).
बँकेला मुद्दल शहाण्णव हजार.
उरले एकोणीस.
वर्षभराचे. हजार.

जिन्यात पावलं. लगमप्पा,
भुवयांत काळी वाळू, दारातूनच:
"अक्का, रोक्क बंतेन?"

तीस वर्षं हा प्रश्न ऐकते मी, शनिवारचा शनिवार.
त्याच्या भाषेत पैसा म्हणजे रोक्कच.
आमचं रोख, त्याचं रोक्क,
आमची उधारी, त्याची उद्री;
कुणी कुणाकडून घेतलं विचारू नका,
इथं तेवढ्यावरून दुकानांच्या पाट्या फुटतात.
शब्द मात्र एकाच बाजारात फिरून गुळगुळीत झालेत.
आणि प्रश्न त्यानं बरोबर विचारला.
नफा झाला काय, असं तो कधीच विचारत नाही.

भरमाण्णा मोबाइल उचलतात.
शिरोली. आधी तब्येत, मग पोराचं लग्न, मग,
"पंधरा दिसांत सोडताय काय? दोन टक्के कमी द्या."
मी पेन्सिलनं अकरा चाळीसवर रेघ ओढते.
नफा आताच थोडा उतरला
आणि माळ्यावर जरा वारं आलं.

"बुधवारी," ते फोन ठेवत म्हणतात.
लगमप्पा माझ्याकडं बघतो. मी मान हलवते,
होय अशीही, नाही अशीही.
बुधवार म्हणजे अजून रोक्क नव्हे.

तेवढ्यात माझा फोन. शेजारच्या मुचंडीवहिनी:
"अगं, नळ आलाय! धार बारीक हाय, लवकर ये."
प्रिंटरच्या तोंडात पान तसंच सोडून
मी स्कूटरची किल्ली शोधते.