आहो

ॲरिझोनातलं हे गाव पाटीवर एक आहे, तोंडात दुसरंच :
आहो.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी वळूनच पाहिलं.
अठरा वर्षं ज्यांना अशी हाक मारली
ते इथवर येणार नव्हते.

दवाखान्याच्या मागे, गॅसच्या मीटरपाशी
सिमेंटच्या चिरेतून आलंय हे रोप.
गुडघ्याएवढं. पानं चिकट,
बोट लावावं तर बोटच सोडत नाहीत.
पांढुरकी हिरवट फुलं, बाहुलीच्या घरातली नरसाळी.
दिवेलागणीला येतो एक जाडजूड पतंग,
त्याची अळी हेच विष खाऊन
ठणठणीत वाढते.

पान चुरडलं, तर वास माहेरचा.
आई तव्यावर मिशरी भाजायची
आणि आम्ही पोरं ठसकत अंगणात.
दातदुखीला बरी असते, म्हणायची.
दात गेले.
मिशरी शेवटपर्यंत राहिली.

लोरेना अँटोन दर मंगळवारी
रक्तदाब मोजून घ्यायला येतात.
रोपापाशी थांबल्या. त्यांच्या भाषेतलं नाव घेतलं
एकदाच, हळू, जणू ते झोपलंय.
"कान दुखला की वडील धूर फुंकायचे कानात.
पाऊस मागतानाही लागायचं."
आणि?
"आणि बाकीचं तुला सांगायचं नाही."
बरं वाटलं मला.
आमच्याकडेही रात्री सापाला लांबडं म्हणतात.

ऑगस्टमध्ये ओरेगॉनचा एक पोरगा, ओढ्याच्या वाळूत तंबू ठोकून राहिलेला,
पानं उकळून प्यायला.
झाडपाल्याचं काय बाधतंय, म्हणे.
आणला तेव्हा लाळ, घाम, ओकाऱ्या,
पोटऱ्यांवर मुंग्यांसारखी थरथर,
आणि नाडी, जिना उतरताना
पायऱ्या गाळणारी.
हेलिकॉप्टरला चाळीस मिनिटं होती.
मनगट धरून मी मोजत राहिले,
मराठीतच. एकोणचाळीसला अडखळले.

वाचला.
नाताळात त्याचं कार्ड आलं,
त्यातही रोपाचं नाव चुकलेलं.

काल रामोन तणनाशकाचा पंप पाठीला लावून आला.
"मारू?"
राहू दे, म्हटलं.
"मग पाटी तरी लावा."
पुठ्ठा आणलाय, जाड मार्कर आणलाय.
औषध लिहू, विष लिहू,
की लोरेनाबाईंना विचारू नाव, ज्या सांगणार नाहीत?
पुठ्ठा कोराच आहे.
तोवर जाता-येता, जरा अंतर राखून,
मीच म्हणते :
अहो.