साडेआठचा राजा

पंचवीस डिसेंबरला सकाळपासूनच फोन.
"बाबू, तो दिसेल ना रे?"
दिसेल, मावशी.
"गेल्या वर्षी त्याचं तोंड हिरवं होतं."
यंदा नवा बॉक्स आहे. यंदा गोरा दिसेल.

बेळगाव कॅम्पातल्या बारा गल्ल्यांचा मी केबलवाला.
कुणाच्या घरात कोण बोलतं
ते माझ्या वायरीला ठाऊक.
अधिवेशनाच्या दिवसांत दोघं येऊन सांगून जातात,
एक म्हणतो मराठी बातम्या बंद कर,
दुसरा म्हणतो बंद करून तर बघ.
दुकानाची पाटी तीनदा रंगवून झाली,
खालची अक्षरं अजून पोपड्यांतून डोकावतात.
पण ह्या साडेआठच्या राजाला
आजवर कुणी हरकत घेतली नाही.
त्याची भाषा इथं कुणाच्याच बापाची नाही.

पिएदाद मावशी सव्वाआठलाच इस्त्रीचा झगा घालून बसते.
तिकडचं गीत लागलं की उठते,
एक हात गुडघ्याला, एक टीव्हीच्या कोपऱ्याला.
भाचा म्हणतो, मिसेला एवढी ताठ राहत नाहीस.
ती म्हणते, मिसेला खुर्ची पुढं असते धरायला.

समोर सुभेदार भरमाणी उचगावकर, मफलर कानाभोवती.
"माझा बाप ह्याच्या आज्जासाठी इटलीत लढला,
एक पाय तिथंच ठेवून आला.
पायाचं काय बोलतोय काय, दर वर्षी बघतो.
अजून विषय निघालेला नाही."

पाच्छापूरकर सर खिडकीतून ओरडतात,
"लुटून गेले, आता शुभेच्छा कसल्या घेता?"
पण त्यांच्या घरातूनही तोच आवाज येतो,
अर्ध्या सेकंदानं मागं.
नातीचे उच्चार सुधारावेत म्हणून, म्हणे.

दस्तगीर खुर्चीतल्या गिऱ्हाइकाची मान वळवतो:
"कॉलर बघा. कापड बोलायलंय नुसतं.
मागचे केस मात्र कुणीतरी घाईत मारलेत."

आणि शेजारची शिवलीलक्का, भाकरीचं पीठ हाताला तसंच,
उंबऱ्यातून विचारते, "एनंतान?"
मावशी मान न वळवता सांगते, "आराम अदानंत."
आराम आहे म्हणतो.
शिवलीलक्काला तेवढं पुरतं.

आठ चौतीसला चित्र गेलं.

पोरांनी बांबूकागदाची चांदणी
माझ्याच वायरीला टांगली होती,
वाऱ्यानं हिसका दिला, सांधा सुटला.
बेकरीपाशीच्या खांबावर चढलो.
वरून सगळ्या खिडक्या दिसतात:
डिशवाल्यांच्या घरी सासवा भांडायल्यात,
कुठं कन्नडमध्ये, कुठं मराठीत,
रडण्याचं संगीत एकच.
आणि मधे आमच्या खिडक्या,
राखेसारख्या.

खाली सगळे जमले.
कुणी शिडी धरली, कुणी मला शिव्या घातल्या.
बॅटरीचा झोत बरोबर माझ्या पक्कडीवर.
धरणारे पाच्छापूरकर सर.
"मला काय, मी सहज आलो."

सांधा जुळला तेव्हा बँड वाजत होता.
राजा बोलून गेला होता.

मग कट्ट्यावर बराच वेळ
तो काय बोलला असेल ह्याचीच चर्चा.
सर म्हणाले, माफी तर नक्कीच नाही.
दस्तगीर म्हणाला, महागाईचं असेल.
सुभेदार गप्प होते, मग म्हणाले,
"नेमका तेव्हाच पाय निघाला असणार."

मावशीनं लीड्सला फोन लावला, लिझेटला,
म्हाताऱ्यांच्या होममध्ये ड्यूटीवर असते.
"तू बघितलंस? काय म्हणाला?"
स्पीकरवर सगळ्यांनी कान दिले.
"मम्मी, इथं सगळे जेवून झोपलेत.
मी आवाज बंद ठेवला होता.
तोंड हलत होतं."

दोदोलची वडी माझ्या हातावर ठेवत
मावशी म्हणाली,
"पुढल्या वर्षी चांदणी दुसरीकडे बांधायला सांग पोरांना."
सांगतो म्हणालो.

सगळे आत गेल्यावर पुन्हा वर चढलो,
चांदणी होती तिथंच बांधली,
गाठ तेवढी सैल ठेवली.