पाण्याची पाळी

सोहारच्या भट्टीवर रात्रपाळीत
बटणाएवढा ॲल्युमिनियमचा तुकडा
मी यंत्राच्या जबड्यात ठेवतो. ठिणगी पडते.
लोखंड किती, मॅग्नेशियम किती, ते रेघा सांगतात.
मॅग्नेशियमची रेघ दोनशे ऐंशीवर,
डोळ्याला न दिसणारी, पण जागची हलत नाही.
एकोणीस वर्षांत हलली नाही.
माझा पगार तिच्या त्या हट्टावर.

खोलीवर आलो की दुसरे वर्णपट.
कुठल्याशा डोंगरावरच्या दुर्बिणीला
हजारो काचतंतू, प्रत्येकाच्या टोकाशी एकेक ठिपका.
संगणक भराभर शिक्के मारतो:
तारा, दीर्घिका, तारा, तारा, क्वेसार.
जिथे तो अडतो ते थोडेसे
आमच्यासारख्या हौशी माणसांना वाटून देतात.
भाची ऋतानं माझं नाव घातलं त्यात. म्हणाली,
"मामा, आपल्याच हवेच्या रेघांवर भाळू नका,
त्या सगळ्यांच्याच अंगावर असतात."

आज आलेला फिकट. नाव नाही, आकडा आहे.
संगणकाचा शेरा: तारा, खात्री नाही.
गवताळ गोंगाट, आणि पाचशे साठवर
एकच उंचवटा.
बुंध्याशी रुंद, वारुळासारखा.
ताऱ्याला असला बुंधा नसतो.
वायू सेकंदाला हजारो किलोमीटर गरगरत असेल
तरच रेघ अशी फुगते.

पण कोणाची रेघ?
हायड्रोजनची म्हणावी, तर डावीकडचं रान
कुऱ्हाड चालल्यासारखं विरळ हवं होतं.
ते शाबूत आहे.
कार्बनची म्हणावी, तर तिची थोरली बहीण
चारशे चौपन्नच्या आसपास दिसायला हवी.
तिथे काही नाही. दोनदा पाहिलं.
मग पट्टी लावली, अर्धं केलं,
आणि खुर्चीत मागे टेकलो.

दोनशे ऐंशी.

अगं बाई, तू!
संध्याकाळी सातला तुलाच तर मोजून आलो,
शून्य पूर्णांक बेचाळीस टक्के, सही करून.
दुप्पट ताणलीस, पोपटी झालीस,
म्हणून ओळखायला एवढा वेळ.

खल्फानला सांगितलं, जेवणाच्या सुट्टीत.
तो डोंगरातल्या एका वादीतला. त्याचा आजा
दगडावर बसून कड्यावर तारा उगवायची वाट बघायचा.
तारा वर आला की हाक:
तोडा सालिमच्या खजुरांचं, सोडा नास्राच्या लसूणघासाला.
फलजचं पाणी ताऱ्यांवर वाटलेलं.
घड्याळं आली तरी म्हातारा बसायचाच,
घड्याळ लाच खातं म्हणायचा.
मी म्हटलं, आमच्या पांझरेकाठी
अशा माणसाला पाटकरी म्हणतात,
पण आमचा पाटकरी तारे बघत नव्हता,
शिव्या देत होता.
खल्फान खूप हसला. मग लोणच्याची बाटली पुढे करत
अगदी गंभीरपणे विचारलं,
"तुझ्या ह्याच्यावर पाळी कोणाची?"

मी हिशेब मांडला. पावणेआठ अब्ज वर्षं.
तिथून पाणी सुटलं तेव्हा शेत नव्हतं,
बांध नव्हता, पृथ्वी सोड, सूर्यही नव्हता.
"मग कोणासाठी सोडलं?"
मला सांगता आलं नाही.
भट्टीचा भोंगा झाला, दोघं उठलो.

पहाटे खोलीवर शेरा भरला:
क्वेसार. ताम्रसृती एक, जवळजवळ बरोब्बर.
खात्रीच्या रकान्यात चार लिहावेसे वाटले.
पण रेघ एकच. डाव्या टोकाला, तीनशे ब्याऐंशीवर,
कार्बनचा एक फुगवटा असावा असं वाटतं,
वाटतं म्हणजे मला हवा आहे म्हणून वाटतं.
तीन लिहिले.

पुढचा उघडला.
त्यात रेघच नव्हती, नुसतं गवत.
तरी जरा वेळ बसलो,
दगडावर बसावं तसा.